जर्मन होकाराचे मराठी

जर्मन कथा इंग्रजीच्या वाटेने मराठीत आणताना आम्ही तिच्यातला होकार हमखास गमावतो. संमती देताना जर्मन माणूस 'मी'ला बहुधा बाजूला ठेवतो. 'दास गेट' म्हणजे 'ते चालते', 'पास्ट' म्हणजे 'मापात बसते'. 'श्टिम्ट'मध्ये तर 'श्टिमे', म्हणजे आवाजच, दडला आहे : सूर जुळला! (बिल देताना 'श्टिम्ट सो' म्हटले की उरलेले पैसे वेटरचे.) इंग्रजीतून येताना या साऱ्यांचे एकच 'ठीक आहे' होते आणि पात्रे सपाट बोलू लागतात. आमच्या घरात 'चालेल', 'जमले', 'जुळले' असताना ही उधारी कशाला? 'गेनाउ'पुढे मात्र आम्ही हतबल आहोत. 'अगदी' त्याच्या जवळपास जाते. पण जर्मन माणूस 'गेनाउ' स्वतःच्याच बोलण्याला मान डोलावतानाही म्हणतो.