आयत आहे, वाटा कुठे आहे?

उहुदच्या लढाईत, इसवी सन 625 मध्ये, मदिनेचा साद इब्न रबी मारला गेला. मागे बायको आणि दोन मुली राहिल्या. अरबस्तानातल्या तेव्हाच्या रिवाजानं वारसा लढू शकणाऱ्या पुरुषाकडे जायचा. त्याप्रमाणे सादच्या भावानं सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. हदीसच्या संग्रहांत पुढची हकिकत येते. सादची विधवा दोन्ही मुलींना घेऊन प्रेषित मुहंमदांकडे गेली. यांच्या चुलत्यानं सगळं घेतलं, आता पैशावाचून यांची लग्नं कशी व्हायची, असा तिचा सवाल होता. त्यानंतर कुराणातली वारशाची आयत उतरली. चुलत्याला बोलावून सांगण्यात आलं, की दोन तृतीयांश मुलींना दे, एक अष्टमांश त्यांच्या आईला दे आणि उरेल ते तू घे.

कुराणाच्या चौथ्या सूरेत, सूरह निसामध्ये, हे वाटे अपूर्णांकांसह नोंदलेले आहेत. मुलीला भावाच्या निम्मा वाटा, मुलंबाळं असलेल्या विधवेला आठवा, नसलेल्या विधवेला चौथा. मागे मुलगा असेल तर मृताच्या आईला आणि वडिलांना सारखाच, प्रत्येकी सहावा. एकाच आईच्या पण वेगळ्या बापांच्या भावंडांमध्ये बहीण-भाऊ बरोबरीनं घेतात. म्हणजे ‘बाईला नेहमी निम्मंच’ हा समजही पुरता खरा नाही. वाटा छोटा असो वा मोठा, तो तिच्या नावाचा आहे आणि लग्नानंतरही तिचाच राहतो. नवऱ्याचा त्यावर हक्क नाही. प्रेषितांच्या पहिल्या पत्नी खदीजा स्वतः व्यापार करणाऱ्या होत्या. लग्नाआधी मुहंमद त्यांच्याच मालाचा तांडा घेऊन सीरियाकडे गेले होते.

इस्लाममधल्या स्त्रीच्या स्थानाचा विषय निघाला की मौलाना आणि वक्ते हा इतिहास अभिमानानं सांगतात. त्यांचा अभिमान रास्त आहे. इंग्लंडमध्ये लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवण्याचा पूर्ण हक्क 1882 च्या कायद्यानं आला. महाराष्ट्रानं हिंदू मुलींना वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलाच्या बरोबरीनं आणलं ते 1994 मध्ये आणि देशानं 2005 मध्ये. सातव्या शतकातली ती तरतूद यांच्याशेजारी ठेवली की तिचं मोठेपण कळतं.

अडचण भाषण संपल्यावर सुरू होते. बाप वारल्यावर तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज जातो. बहिणींची नावं लागतात, कधी गाळलीही जातात. लागली तर थोड्याच दिवसांत दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्र तयार असतं. भाऊ गाडी पाठवतो, बहीण येते, अंगठा किंवा सही होते, साडी किंवा ड्रेसचं कापड मिळतं आणि ती सासरी परतते. ईदला माहेरचा दरवाजा उघडा राहावा, आई-बापांच्या मागे कुणीतरी आपलं असावं, यासाठी ती सही करते. महाराष्ट्रातल्या हिंदू घरांतही अगदी हेच घडतं, आणि याबाबतीत दोन्ही समाजांतले भाऊ एकमेकांचे सख्खे भाऊ शोभतात. फरक इतकाच, की मुस्लिम भाऊ ज्या ग्रंथाला अल्लाहचा शब्द मानतो त्यातच बहिणीचा आकडा लिहिलेला आहे. तलाकचा हक्क वापरताना त्याला शरियत पूर्ण आठवते आणि वाटणीच्या वेळी मात्र रिवाज आठवतो.

रिवाजाचा हा आसरा जुना आहे. 1847 मध्ये मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात खोजा आणि मेमन कुटुंबांतल्या स्त्रियांचे दावे आले. आम्ही मुसलमान आहोत, तेव्हा कुराणाप्रमाणे बापाच्या मालमत्तेतला आमचा वाटा द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. समोरच्या पुरुषांचं म्हणणं असं, की आमच्या जमातींत पूर्वीपासून हिंदूंसारखा वारसा चालतो आणि मुलीला पालनपोषण व लग्नाचा खर्च यापलीकडे काही मिळत नाही. न्यायाधीश अर्स्किन पेरी यांनी रिवाज मान्य केला आणि मुली हरल्या. मुस्लिम स्त्रियांनी कुराणाच्या आधारे मागितलेला हक्क मुस्लिम पुरुषांनी विरोध करून हाणून पाडला, आणि तोही मुंबईत, पावणेदोनशे वर्षांपूर्वी. हे प्रकरण कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवलं जातं. मुस्लिम घरांत ते कुणी सांगत नाही.

पुढे 1937 मध्ये शरियत कायदा झाला. आज त्याच्याकडे केवळ धर्मनेत्यांचा हट्ट म्हणून पाहिलं जातं, पण त्याच्या विधेयकाच्या उद्देश आणि कारणांच्या निवेदनात मुस्लिम महिला संघटनांचा स्पष्ट उल्लेख आहे. रिवाजी कायद्यानं मुलींना वारशातून बाहेर ठेवलं होतं, म्हणून त्यांना शरियत हवी होती. तो कायदा बायकांच्या मागणीवरही उभा होता. तरीही त्यातून शेतजमीन वगळली गेली. तांत्रिक कारण होतं, की 1935 च्या कायद्यानं तो विषय प्रांतांच्या अखत्यारीत गेला होता. परिणाम मात्र जमीनदारांच्या सोयीचा झाला. मद्रास प्रांतानं 1949 मध्ये दुरुस्ती करून शेतजमीनही शरियतखाली आणली. उत्तर प्रदेशात जमीनदारी निर्मूलनाच्या कायद्यानं मुलग्यांना अग्रक्रम दिला. ज्या देशात बहुतेकांची संपत्ती म्हणजे जमीन, तिथे जमीन सोडून बाकी सगळ्यात वाटा देणारा कायदा मुलीच्या हातात काय ठेवणार?

सीमेपलीकडे, इस्लामी प्रजासत्ताक म्हणवणाऱ्या पाकिस्तानात, याचं टोक दिसतं. सिंधमधल्या काही जमीनदार घराण्यांत मुलीचं लग्न कुराणाशी लावण्याची प्रथा होती. तिला ‘हक बख्शीश’ म्हणतात. मुलगी आयुष्यभर अविवाहित राहते, जमीन घराबाहेर जात नाही. ज्या ग्रंथानं तिला वाटा दिला त्याच ग्रंथाचा वापर तो काढून घेण्यासाठी! 2011 मध्ये पाकिस्तानच्या संसदेनं ही प्रथा गुन्हा ठरवली आणि स्त्रीला फसवून वा दडपून वारशापासून दूर ठेवणाऱ्यास पाच ते दहा वर्षांच्या कैदेची तरतूद केली. भारतात मुस्लिम पर्सनल लॉ वाचवण्याच्या गर्जना करणाऱ्या एकाही मोठ्या संघटनेनं अशा शिक्षेसाठी आंदोलन उभारलेलं नाही.

उलट जिथे जमीन बाईच्या हातात आहे असे मुसलमानही आहेत. इंडोनेशियात पश्चिम सुमात्राचे मिनांगकाबाऊ लोक निष्ठावान मुसलमान असून त्यांची वडिलोपार्जित जमीन आईकडून मुलीकडे जाते. आपल्या लक्षद्वीपमध्ये मातृवंशाची परंपरा आहे. इस्लाम त्यामुळे तिथे धोक्यात आलेला नाही.

आता निम्म्या वाट्याचा प्रश्न. त्याची पारंपरिक बाजू अशी, की मुलावर निकाहच्या वेळी बायकोला मेहेर देण्याची, बायको-मुलांना पोसण्याची, आई-बहिणीला सांभाळण्याची जबाबदारी आहे. बहिणीवर यातलं काहीच नाही आणि तिची कमाई पूर्ण तिची. म्हणून भावाला दुप्पट. हा हिशेब सातव्या शतकातल्या टोळ्यांच्या जगात न्याय्य होता आणि त्यामागचं तत्त्वही साफ आहे : जबाबदारीच्या बदल्यात वाटा. पण तत्त्व मानायचं तर ते दोन्ही बाजूंनी मानायला हवं. आज मुंब्र्यात किंवा मालेगावात बहीण शिलाई मारून, शिकवण्या घेऊन घर चालवते, म्हाताऱ्या आईला तीच ठेवून घेते आणि भाऊ आखातात किंवा दुसऱ्या शहरात वेगळा संसार करतो. तिथे जबाबदारी बहिणीची आणि दुप्पट वाटा भावाचा, असा हिशेब उरतो. तो कोणत्या न्यायानं बसवायचा, याचं उत्तर उलेमांनी द्यायला हवं. आजवर जे उत्तर मिळतं ते ‘आयत स्पष्ट आहे’ एवढंच. साद इब्न रबीच्या विधवेचा सवाल मात्र ऐकून घेतला गेला होता.

केरळात हा प्रश्न एका कुटुंबानं स्वतःपुरता सोडवला. वकील आणि अभिनेते सी. शुक्कूर यांना तीन मुली आहेत, मुलगा नाही. सुन्नी वारसा नियमानुसार तिन्ही मुलींना मिळून दोन तृतीयांश मिळालं असतं, पत्नीला एक अष्टमांश, आणि उरलेले चोविसातले पाच भाग शुक्कूर यांच्या भावंडांकडे गेले असते. जवळपास तीन दशकांपूर्वी निकाह झालेल्या या जोडप्यानं 8 मार्च 2023 रोजी, महिला दिनी, विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्न नोंदवलं. त्यामुळे वारशाला भारतीय उत्तराधिकार कायदा लागू झाला आणि भावंडांकडे जाणारा तो भागही पत्नीकडे वळला. त्यांच्यावर धर्मद्रोहाचे आरोप झाले. वास्तविक त्यांनी केलं ते कुठल्याही बापानं करावं असंच होतं.

गोव्यातल्या मुस्लिम बापाला असा खटाटोप करावा लागत नाही. तिथे 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता मुक्तीनंतरही चालू राहिली आणि 1937 चा शरियत कायदा तिथे लागू झाला नाही. मुलगा-मुलगी सारखे वारस, आणि निम्मी मालमत्ता वारसांपासून तोडता येत नाही. पणजीत किंवा मडगावात राहणारा मुसलमान पाच वेळा नमाज पढतो, रोजे ठेवतो, हजला जातो आणि त्याच्या मुलीला भावाइतका वाटा मिळतो. सावंतवाडीला राहणाऱ्या त्याच्या चुलतबहिणीला तो मिळत नाही. दोघांचा इस्लाम एकच, फक्त मधली राज्याची सीमा वेगळी. 2025 मध्ये उत्तराखंडच्या समान नागरी कायद्यानंही मुला-मुलीचा वाटा सारखा केला. त्या कायद्यातल्या इतर अनेक तरतुदींवर, विशेषतः सहजीवनाच्या सक्तीच्या नोंदणीवर, आक्षेप घ्यावेत तेवढे थोडे. पण मुलीच्या समान वाट्यावर आक्षेप घेता येत नाही.

देशात मुस्लिम स्त्रीविषयी जी चर्चा होते ती तलाकपाशी सुरू होऊन तिथेच संपते. समाजसुधारक हमीद दलवाईंनी 18 एप्रिल 1966 रोजी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला, 1970 मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. मंडळातले त्यांचे सहकारी सय्यदभाई यांनी बहिणीच्या तलाकाचं दुःख पाहून आयुष्य या कामाला दिलं. त्या काळी तोंडी तलाक हीच सगळ्यात मोठी जखम होती, तेव्हा झगडा तिथेच होणार होता. 1985 च्या शाहबानो पोटगी निकालानंतर ती पोटगी मर्यादित करणारा 1986 चा कायदा आला, 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द केला, 2019 मध्ये तो गुन्हा झाला. 10 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा स्पष्ट केलं, की घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 125 व्या कलमाखाली पोटगी मागता येते. हे सगळं आवश्यक होतं. पण पोटगीसाठी न्यायालयाच्या पायऱ्या चढणाऱ्या बाईच्या नावावर बापाच्या घरातली एक खोली असती, तर तिची लढाई किती वेगळी झाली असती! वाट्याच्या प्रश्नावर दूरचित्रवाणीवर वादळ उठत नाही, मतं मिळत नाहीत, आणि तो सोडवायचा तर प्रत्येक घरातल्या पुरुषाला स्वतःच्या खिशात हात घालावा लागतो. राजकीय पक्ष आणि धर्मसंघटना, दोघांनाही तो नकोसा आहे याचं कारण हेच.

शरियतच्या चौकटीतच राहायचं म्हणणाऱ्यांसाठीही रस्ता बंद नाही. बाप जिवंत असताना हिबा करू शकतो, म्हणजे आपली मालमत्ता बक्षीस देऊ शकतो. देणाऱ्यानं जाहीर करावं, घेणाऱ्यानं स्वीकारावं आणि ताबा द्यावा, एवढ्या तीन गोष्टी पुरतात. मालमत्ता हस्तांतरण कायद्यानं मुस्लिम हिब्याला नोंदणीच्या सक्तीतूनही मोकळं ठेवलं आहे. तरी पुढचे वाद टाळायला नोंदणी करून घेतलेली बरी. हिब्यात मुलीला मुलाइतकं द्यायला कुठलाही मजहब अडवत नाही. हयातीत देताना मुलांमध्ये समता राखा, अशी शिकवण हदीसमध्येच आहे. इंडोनेशियाचे धर्ममंत्री मुनावीर शादझाली यांनी 1980 च्या दशकात जाहीरपणे सांगितलं होतं, की तिथले कित्येक उलेमा स्वतःच्या मुलींना हयातीतच हिब्यानं बरोबरीचं देऊन टाकतात. जे उलेमा स्वतःच्या मुलींसाठी करतात ते इतरांच्या मुलींसाठी मशिदीच्या मिंबरवरून सांगायला हरकत नसावी.

मेहेरचंही वाट्यासारखंच होतं. निकाहनाम्यात रक्कम लिहिली जाते, ती बहुधा उधार राहते आणि नवऱ्याचा मृतदेह अंगणात असताना चार बायका विधवेला म्हणतात, मेहेर माफ कर. ती रडत माफ करते. कायद्यानं आणि शरियतनं मेहेर हे नवऱ्यावरचं कर्ज आहे. वारशाची वाटणी त्यानंतर. हुंडा रोख मोजून घेणाऱ्या घरांत मेहेर मात्र शेवटपर्यंत कागदावर राहतो.

आपल्याकडे जनाज्याच्या नमाजाआधी जमलेल्यांना विचारलं जातं, की मय्यतीवर कुणाचं देणं असेल तर सांगावं, घरचे ते फेडतील. जमातींच्या प्रमुखांना आणि इमामांना एवढंच कळकळीचं सांगणं आहे, की त्याच वेळी मेहेर दिला का हेही विचारा, आणि चाळिसाव्या दिवसाच्या आत मुलींचा आणि बायकोचा वाटा त्यांच्या नावावर चढला का, याची नोंद जमातीच्या दप्तरात ठेवा. जो भाऊ बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेईल त्याला त्यासाठी जमातीसमोर उभं करा. आणि ज्यांना मुली आहेत अशा बापांनी मृत्यूची वाट न पाहता या वर्षीच हिबा करून टाकावा.