२५ डिसेंबरचा स्वयंपाक

नाताळची सुट्टी, म्हणून २५ डिसेंबरला घरी पाहुणे येतात. आपल्यासाठी हा मनुस्मृती दहनाचा दिवस. १९२७ साली महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली ती जाळली. आज आपण तो स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतो, आणि नेमकी त्याच दिवशी घरची बाई शेगडीपाशी अडकून विहारातल्या सभेला मुकते, हे आम्हांला पटत नाही.

प्रथमच २० माणसांचे जेवण करणाऱ्या भगिनींनी शेजारच्या ख्रिस्ती बाईकडे पाहावे. तिचा केक आधीच तयार असतो. आपणही २३ च्या रात्री किलोभर मटकी भिजवावी, सकाळी फडक्यात घट्ट बांधावी; थंडीत मोड उशिरा येतात. कांदा-खोबऱ्याचे वाटण २४ च्या रात्रीच करावे. तांदूळ दोन किलो, पण एकाच पातेल्यात नको, भात खाली करपतो. दोन पातेली लावावीत. गोडाला शेवयांची खीर. ती आळते, तेव्हा तापवलेले दूध हाताशी असावे. पुरणपोळीचा हट्ट कुणी धरलाच, तर पुरण त्यानेच वाटावे!

कांदे चिरणे, ताटे घासणे घरातल्या पुरुषांकडे व मुलग्यांकडे. मात्र हे आदल्या रात्रीच ठरवून घ्यावे. सकाळी कुणी सापडत नाही.