विजेचा हिशेब कोडच्या पहिल्या ओळीपासून

बुलढाणा जिल्ह्यातल्या तरुण अभियंत्यांनो, आपल्या शिवाराकडे जरा निरखून पाहा. विहिरीवरच्या पेटीत मोबाईल स्टार्टर बसला आहे. कुठे मातीचा ओलावा मोजणारा सेन्सर रोवला आहे, कुठे स्वयंचलित हवामान केंद्र पाऊस-वारा टिपत उभं आहे. या प्रत्येकाच्या पोटात एक छोटा संगणक आहे. घाटाखाली मे महिन्यात ऊन जीव नकोसा करतं आणि लाईन कधी जाईल याचा नेम नसतो. अशा ठिकाणी यंत्र हंगामभर तग धरणार की दोन दिवसांत मान टाकणार, हे बॅटरीइतकंच आतल्या सॉफ्टवेअरवर ठरतं. ते सॉफ्टवेअर आपल्याच पोरांनी का लिहू नये?

लिहायला बसण्याआधी शेताची वेळ ओळखा. थ्री फेज लाईनमधला एक फेज गेला आणि मोटार तशीच चालू राहिली, तर वाइंडिंग जळतं. तिथे यंत्रानं काही सेकंदांतच मोटार बंद केली पाहिजे, उशिराला माफी नाही. मातीतला ओलावा मात्र तासातासानं हलतो, तो दर सेकंदाला मोजून काय साधणार? कुठलं काम घड्याळाच्या काट्यावर व्हायला हवं आणि कुठलं थांबू शकतं, याची यादी आधी कागदावर करा. विजेची सगळी बचत या यादीतून निघते.

बहुतेक नवशिक्या कोडमध्ये प्रोसेसर एका लूपमध्ये अडकून ‘काही घडलं का, काही घडलं का’ असं अखंड विचारत राहतो. पाहुणा आला का म्हणून रात्रभर दारात उभं राहण्यासारखंच हे. कडी वाजली की उठता येतं. चिपमध्ये ही कडी आहे, तिला इंटरप्ट म्हणतात. काम झालं की चिपला झोपवा, टायमर किंवा सेन्सर तिला उठवेल.

प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या ईएसपी 32 चिपचा हिशेब मांडू. वायफाय चालू ठेवून ती सतत जागी राहिली आणि सरासरी 100 मिलिअँपिअर ओढत राहिली, तर 2500 मिलिअँपिअर-तासांचा सेल 25 तासांत संपतो. तीच चिप दर पंधरा मिनिटांनी तीन सेकंद उठली आणि तेवढ्यापुरते 120 मिलिअँपिअर घेतले, तर तासाला खर्च होतो 0.4 मिलिअँपिअर-तास. गाढ झोपेत चिप जेमतेम 10 मायक्रोअँपिअर घेते. कागदावर तोच सेल आठ महिने पुरतो. बोर्डावरचा एलईडी आणि व्होल्टेज रेग्युलेटर यातला मोठा वाटा खाऊ शकतात, म्हणून त्यांच्याकडेही लक्ष हवं. सेल तोच, चिप तीच. बदललं ते फक्त कोड!

जागेपणीही काटकसर करता येते. डिजिटल सर्किटमध्ये प्रत्येक क्रियेला लागणारी ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. व्होल्टेज 20 टक्क्यांनी उतरवलं, तर ही ऊर्जा सुमारे 36 टक्क्यांनी घटते. मात्र त्यासोबत वेगही उतरतो, आणि इथेच वेळेची ती यादी कामाला येते. मिशिगन विद्यापीठातल्या पिल्लै आणि शिन यांनी 2001 मध्ये दाखवून दिलं, की कामांची मुदत एकदाही न चुकवता वेग आणि व्होल्टेज खालीवर करून 20 ते 40 टक्के ऊर्जा वाचवता येते.

रेडिओ हा सर्वांत मोठा खादाड. आकडा बदलला तरच पाठवा, चार नोंदी साठवून एकदाच पाठवा. दूरच्या शेतासाठी लोरा हा कमी विजेचा पर्याय आहे आणि त्यासाठी 865 ते 868 मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे परवान्याविना खुला आहे.

हे आपल्याला झेपेल का, असं कुणी विचारू नये. परम संगणकाचे शिल्पकार विजय भटकर शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. त्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकनं 1991 मध्ये परम 8000 उभा केला. त्याच सी-डॅकनं आज ‘वेगा’ हे देशी प्रोसेसर आणि त्यांवरचे ‘एरीज’ बोर्ड तयार केले आहेत. वऱ्हाडच्या मातीतल्या माणसानं देशाला महासंगणक दिला, मग याच मातीतल्या पोरांना बांधावरचा छोटा संगणक का जमू नये? शेगावचं अभियांत्रिकी महाविद्यालय 1983 पासून उभं आहे. चिखली, मलकापूर आणि बुलढाण्यातही अभियांत्रिकीचे वर्ग भरतात. मनुष्यबळ आहे, गरज दारात उभी आहे.

प्राध्यापकहो, अंतिम वर्षाच्या प्रत्येक प्रकल्प अहवालात एक रकाना सक्तीचा करा: जागेपणी किती करंट, झोपेत किती, बॅटरी किती दिवस. तोंडी परीक्षेत हाच प्रश्न पहिला विचारा. विद्यार्थ्यांनो, मल्टिमीटर हाती घ्या, मोजल्याशिवाय ‘चालतंय’ म्हणू नका. यंत्र टेबलावर चाललं म्हणून थांबू नका. संग्रामपूरच्या उन्हात आणि लोणारच्या पावसात महिनाभर उभं करून पाहा. शेतकरी दादांनो, ताईंनो, यंत्र विकत घेताना किमतीआधी विचारा, लाईन नसताना हे किती दिवस चालेल?

चला, कामाला लागा. बुलढाण्याच्या शेतातलं यंत्र बुलढाण्याच्या पोरांनी लिहिलेल्या कोडवर चालेल आणि ते कोड विजेचा कण अन् कण मोजून खर्च करेल, हा निर्धार याच सत्रात करा!