पुदिन्याचे पान पिवळे का पडले?



गेल्या रमजानच्या आधी आमच्या घरचा पुदिना पिवळा पडला. शेजारच्या द्राक्षबागेतले उरलेले औषध बाटलीत होते, तेच घाईने मारले. संध्याकाळी अम्मींनी विचारले, "आता याची चटणी मुलांना कोण देणार?" कुंडी रिकामी करावी लागली. नंतर कळले की पुदिन्याला रोग नव्हताच, कुंडीचे भोक बुजून पाणी साचले होते.

म्हणून औषधाआधी पान पाहावे. आपल्या तासगावकडे द्राक्षावर केवडा पडतो, तो बुरशीचा. उसावरही केवडा म्हणतात, तो मात्र लोह कमी पडल्याचा. नाव एक, दुखणी दोन.

खालची जुनी पाने आधी पिवळी पडली तर खत कमी आहे. मूठभर शेणखत किंवा गांडूळखत द्यावे. शेंड्याची कोवळी पाने पिवळी, पण शिरा हिरव्या, तर लोह मिळत नाही. चुनखडीच्या मातीत असे होते. चिमूटभर हिराकस शेणखतात मुरवून घालावे. पानांच्या कडा करपल्या तर पाण्यात क्षार असतील. मिरज, पलूस, वाळवा भागात क्षारपड जमिनी आपण पाहतोच. बोअरचे पाणी खारट असेल तर पावसाचे साठवून वापरावे. पाटण, जावळीकडे पावसाळ्यात उलटे होते. माती सतत ओली राहते, मुळे कुजतात आणि सगळे झाड मलूल होते. माती दोन पेरे बोट घालून पाहावी, ओली असेल तर पाणी देऊ नये.

आता किडी. पान उलटे करून पाहावे. चिकटपणा आणि मुंग्या दिसल्या तर मावा. बारीक पांढुरके ठिपके आणि जाळी असेल तर लाल कोळी; पांढऱ्या कागदावर पान झटकले की ठिपके चालू लागतात. दोन्हींसाठी पाण्याचा जोरदार फवारा पानाखालून दोन-तीन दिवस मारावा. पुदिन्याच्या पानाखाली नारिंगी पूड म्हणजे तांबेरा. झाड मातीलगत कापून पाला दूर टाकावा, नवे फुटवे येतात. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखे काही दिसले तर नीट पाहा, ती फुलपाखराची अळी असते. हाताने उचलावी.

एवढ्याने भागले नाही तर 50 ग्रॅम निंबोळी पूड 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळी फवारावी. आठवडाभर पाने तोडू नयेत, मग धुऊनच वापरावीत. शेतातले औषध मात्र ताटात जाणाऱ्या पानावर कधीही नको.

आमच्या कुंडीला आता दोन भोके आहेत. नवा पुदिना लावला आहे. इन्शाअल्लाह, यंदाची चटणी घरचीच होईल.