मुलीचा व्हिसा आणि आईचा विमा



भाताच्या मळण्या आटोपल्या आणि खानापूर तालुक्यातील एका खेड्यातून मायलेकी आमच्या घरी आल्या. मुलीचे वडील आमच्या चांगल्या परिचयाचे होते. ते निवर्तल्यापासून त्या माउलीने चार एकर शेतावर आणि दोन म्हशींवर संसार ओढला, मुलीला शिकविले. मुलगी हुशार निघाली. जर्मन भाषेची परीक्षा ती उत्तीर्ण झाली असून तेथील एका रुग्णालयात परिचर्येच्या तीन वर्षांच्या शिक्षणासाठी तिची निवड झाली आहे. शिकताना वेतनही मिळावयाचे आहे.

आनंदाची वार्ता, पण माउलीचा चेहरा चिंतेने झाकोळलेला. त्या म्हणाल्या, "दादा, ही गेल्यावर मी एकटी घरात काय करू? शहरातला एजंट म्हणतो, आईला पाहुणी म्हणून घेऊन जा, तिकडे गेल्यावर मुदत वाढवून मिळते. तो दोन लाख मागतो. शेत गहाण टाकावे म्हणते."

वहिनींचे वय 58, मधुमेह दहा वर्षांचा. आम्ही म्हटले, "वहिनी, शेताचा कागद पेटीतच राहू द्या. आधी नियम काय आहे ते पाहू." त्या दुपारी जे समजावून सांगितले तेच येथे लिहीत आहोत, कारण हाच प्रश्न आज पुष्कळ घरांतून विचारला जात आहे.

प्रथम दोन व्हिसांमधील भेद ध्यानी घ्यावा. युरोपातील 29 देशांनी आपसांतील सीमा मोकळ्या केल्या आहेत. लक्झेम्बर्गमधील शेंगेन नावाच्या लहानशा गावी 14 जून 1985 रोजी पहिला करार झाला, म्हणून त्या प्रदेशास शेंगेन म्हणतात. पाहुणा म्हणून जाणाऱ्यास या साऱ्या प्रदेशात मिळून कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस राहता येते, अधिक नाही. नव्वद दिवस संपल्यावर शेजारच्या देशात दोन दिवस काढून परत आल्याने हिशेब नव्याने सुरू होत नाही. आजारपण किंवा तशीच अपरिहार्य आपत्ती ओढवली तरच मुदत वाढते. "आईला येथे करमते" हे कारण तेथे चालत नाही. शिवाय 12 ऑक्टोबर 2025 पासून सीमेवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद बोटांच्या ठशांसह यंत्रात घेतली जाऊ लागली आहे. मुदतीपलीकडे राहिलेला माणूस परतताना सापडतो आणि पुढील व्हिसाचे दार त्याच्यासाठी बंद होऊ शकते. एजंट जे सांगत होता ते म्हणजे लेकीच्या घरी जाण्याची वाट कायमची बुजविण्याचा उपाय होता.

नव्वद दिवसांहून अधिक राहावयाचे असेल तर त्या देशाचा राष्ट्रीय व्हिसा लागतो. त्यावर 'डी' हे अक्षर असते. जर्मनीसाठी त्याचे शुल्क 75 युरो आहे. पाहुण्यांच्या व्हिसाचे शुल्क जून 2024 पासून 90 युरो झाले आहे. एवढी रक्कम जाहीर असताना कोणी लाखांची भाषा बोलू लागला, तर तो पैसा कशाचा, हे लेखी मागावे. बेळगाव जिल्ह्यातील अर्जदारांचे काम बंगळूरच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे, तर गोवा, इंदूर आणि बडोदे येथील लोकांचे मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडे जाते.

हा व्हिसा ज्या कारणासाठी मिळाला त्या कारणापुरताच असतो. मुलीचा व्हिसा शिक्षणासाठी. रुग्णालयाशी झालेला करार, भाषेचे प्रमाणपत्र, शाळेची गुणपत्रके आणि निर्वाहाची सोय हे सारे दाखवावे लागते. विद्यापीठात शिकावयास जाणाऱ्यांना निर्वाहासाठी बंद खात्यात रक्कम ठेवावी लागते. सप्टेंबर 2024 मध्ये ती वर्षाला 11,904 युरो, म्हणजे महिन्याला 992 युरो, अशी ठरली. हे आकडे बदलत असतात, म्हणून अर्ज भरावयाच्या दिवशी दूतावासाच्या सूचना पुन्हा वाचाव्यात.

येथे आपल्या घरांतील एक जुनी अडचण सांगितली पाहिजे. चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदीत नाव एक, शाळेच्या दाखल्यात दुसरे, आधारवर तिसरे, आणि आडनावाच्या स्पेलिंगचे तर विचारू नये! या मुलीच्या गुणपत्रकावर आडनावातील एक अक्षर कमी होते. असे दोष अर्ज करण्यापूर्वी महिने-दोन महिने आधीच दुरुस्त करून घ्यावेत. तारखेच्या आदल्या दिवशी धावपळ करून ते साधत नाही.

आता विम्याविषयी. जर्मनीत आरोग्य-विमा हा ऐच्छिक नाही. बिस्मार्कच्या काळी, 1883 साली, कामगारांसाठी त्याची सुरुवात झाली आणि 2009 पासून तेथील प्रत्येक रहिवाशाला विमा असणे कायद्याने बंधनकारक आहे. वेतनासह शिक्षण घेणारी मुलगी तेथील सार्वजनिक विमा-निधीची सभासद होते. वेतनाच्या 14.6 टक्के ही मूळ वर्गणी आणि त्यावर निधीची थोडी जादा वर्गणी. यातील अर्धी तिच्या वेतनातून कापली जाते, अर्धी रुग्णालय भरते. त्याखेरीज वृद्धापकाळी किंवा अपंगत्वात शुश्रूषेसाठी वेगळा विमा 1995 पासून आहे, त्याचीही वर्गणी कापली जाते. पहिल्या वेतनाचा कागद हाती आल्यावर "पैसे कापले" म्हणून घाबरू नये. नोकरीस चार आठवडे झाल्यानंतर आजारी पडल्यास सहा आठवड्यांपर्यंत वेतन चालू राहते, त्यानंतर निधी काही रक्कम देतो.

परंतु ही वर्गणी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून सुरू होते, विमानातून उतरल्या दिवसापासून नव्हे. या मुलीचा करार महिन्याच्या एक तारखेपासून होता आणि तिकीट दहा दिवस आधीचे. मधल्या दहा दिवसांत पाय मुरगळला किंवा ताप आला तर? या काळासाठी वेगळा प्रवेश-विमा घ्यावा लागतो आणि व्हिसासाठी तो दाखवावाही लागतो. त्याची सुरुवात तिकिटाच्या तारखेपासून हवी, आणि काही कारणाने करार पुढे गेल्यास विमाही वाढविता आला पाहिजे.

पोहोचल्यावर पहिली दोन कामे. नव्या घरात राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर-कार्यालयात पत्त्याची नोंद करावी. त्यासाठी घरमालकाचा लेखी दाखला लागतो. ही नोंद झाल्याशिवाय बँक, कर आणि परवाना यांपैकी बहुतेक कामे अडतात. दुसरे, व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी परकीय नागरिकांच्या कार्यालयात वास्तव्य-परवान्यासाठी अर्ज करावा. अर्ज वेळेत केला असेल तर निर्णय होईपर्यंतचे वास्तव्य कायदेशीर मानले जाते. एक दिवस उशीर झाला तर ते संरक्षण गमावण्याचा धोका असतो.

पत्त्याची नोंद करतेवेळी धर्म विचारला जातो. आपण कॅथलिक असे सांगितले की चर्च-कर लागू होतो. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या प्रांतांत तो आयकराच्या 8 टक्के, इतरत्र 9 टक्के असतो. वेतनाच्या नव्हे, आयकराच्या, हे नीट ध्यानात ठेवावे. ज्या शिकाऊ मुलीला आयकरच नाही किंवा अल्प आहे, तिला हा करही नाही किंवा अल्पच. काही मुले कोणाचे ऐकून "धर्म नाही" असे लिहितात. थोड्या युरोंसाठी खोटे लिहू नये, एवढेच आम्ही मुलीला सांगितले. तिने उत्तर दिले, "काका, मी लिहिणार ते खरेच लिहिणार."

आता माउलीचा प्रश्न. मुलीच्या विम्यात आई येऊ शकते काय? तेथील सार्वजनिक विम्यात सभासदाच्या मुलांना वर्गणीशिवाय आश्रय मिळतो. आईवडिलांना मिळत नाही. नवा मनुष्य 55 वर्षांपुढे त्या निधीत शिरणे तर जवळपास अशक्यच. खासगी विमा कंपनी जुना मधुमेह पाहून एक तर नकार देते किंवा भारी हप्ता सांगते.

तीन महिने भेटीस जाता येईल. त्यासाठी सर्व शेंगेन देशांत चालणारा आणि निदान 30,000 युरोंचे संरक्षण देणारा प्रवास-विमा लागतो. तातडीचे औषधोपचार, रुग्णालय, आजारी अवस्थेत मायदेशी आणणे आणि मृत्यू आल्यास पार्थिव आणणे, हे त्यात असावे लागते. परंतु बहुतेक प्रवास-विम्यांत आधीपासूनचा आजार वगळलेला असतो. मधुमेहामुळे उद्भवलेल्या दुखण्याचे बिल आले, तर ते कोणी भरावे? म्हणून पॉलिसीच्या शेवटच्या पानांवरील बारीक अक्षरे कोणाकडून तरी वाचवून घ्यावीत, आणि अर्जात मधुमेह लपवू नये. लपविलेला आजार उघड झाला की दावा नाकारला जातो. बोलावणाऱ्याने तेथे हमीपत्र दिले असेल तर दवाखान्याचा खर्चही त्याच्यावर येतो. शिकाऊ वेतनावर मुलीने असे ओझे घेऊ नये.

कायमचे सोबत राहण्याची वाट मात्र पूर्णपणे बंद नाही. 1 मार्च 2024 पासून किंवा त्यानंतर ज्यांना कुशल कामगार म्हणून पहिला परवाना मिळाला, त्यांच्या आईवडिलांना बोलावण्याची तरतूद जर्मन कायद्यात झाली आहे. शिक्षण चालू असताना ती लागू नाही. मुलगी तीन वर्षांनी परिचारिका म्हणून नोकरीस लागली की तिला अर्ज करता येईल. तरीही तो हक्क नव्हे, कार्यालयाच्या विचाराधीन बाब आहे; आणि आईचा निर्वाह व आरोग्य-विमा यांची पक्की सोय दाखवावीच लागते. विम्याचीच अडचण मोठी राहील, हे आम्ही वहिनींपासून लपविले नाही.

त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग मुलीकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे आधी तू तुझ्या पायावर उभी राहा. मी म्हशी सांभाळते." मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. तिचा बेत असा ठरला की दुसऱ्या वर्षी रजा घेऊन तिने यावे. आणि आईची तब्येत बरी असली, विमा नीट मिळाला, तर तिसऱ्या वर्षी आईने तेथे जाऊन दोन महिने राहून यावे. शेजारच्या घरातील धाकट्या जावेने रात्री सोबतीस यावयाचे कबूल केले आहे. शेत गहाण पडले नाही.

वाचकहो, परदेशी जाणाऱ्या मुलांना आपण लोणच्याची बरणी बांधून देतो, जपमाळ देतो. त्यांच्याबरोबर कागदांचीही एक पिशवी द्यावी. त्या पिशवीत पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती, कराराची प्रत, विम्याची पॉलिसी आणि तिचा दूरध्वनी क्रमांक, डॉक्टरांनी लिहिलेली औषधांची चिठ्ठी, हे सारे असावे; आणि तेवढ्याच प्रती घरी आईच्या पेटीत राहाव्यात. एजंटाने तोंडी सांगितलेले कागदावर मागावे. लिहून देण्यास तो कां कू करू लागला, तर पैसे देऊ नयेत.

मायलेकी सायंकाळच्या बसने परत गेल्या. निघताना वहिनींनी पिशवीतून तांदळाची पुडी काढून ठेवली आणि शेताचा कागद तेवढा पुन्हा पदराखाली घेतला.