दिव्याच्या आतला रंग
आमच्या जुन्या गाडीचे हेडलाइट परवा घरीच उघडले आणि आतली चंदेरी चौकट काळी रंगवली. बंपर सोडवून दिवा बाहेर काढणं हे पान्ह्याचं काम; खरी कसोटी काच सुटी करताना लागते. काच म्हणायचं, पण असतं ते पॉलिकार्बोनेट, खाचेत ब्युटाइल रबराने चिकटवलेलं. बल्ब आणि मागची रबरी टोपणं काढून हीट गन कडेकडेने फिरती ठेवायची. रबर मऊ झालं की खटके सोडवत काच सावकाश ओढायची. तेव्हा गुळाच्या पाकासारख्या काळ्या तारा निघतात, त्या रिफ्लेक्टरवर पडू द्यायच्या नाहीत. रिफ्लेक्टरला तर बोटही लावू नका! त्यावरचा ॲल्युमिनियमचा थर इतका पातळ असतो की नुसत्या कापडानेही ओरखडे उठतात, आणि उजेड गेला तो गेलाच. (काही दिव्यांत कायमचं घट्ट होणारं सील असतं, ते तापवून सुटत नाही, तिथे हट्ट नको.) चौकटीला 800 नंबरचा वॉटर पेपर, प्रायमर, मग मॅट काळ्या रंगाचे तीन पातळ हात. घाई होते ती इथेच. रंग कच्चा राहिला तर बल्बच्या उष्णतेने त्याची वाफ उठून काच आतून धुरकट होते, म्हणून मी चौकटी दोन दिवस तशाच वाळू दिल्या. मग जुनं रबर खरवडून ब्युटाइलची नवी पट्टी भरली, काच दाबून बसवली आणि रात्री कंपाउंडच्या भिंतीवर झोत जुळवून पाहिला. डावा अजून चार बोटं खाली पडतोय.