चेहऱ्यावरील वण : उपचारांची घटिका आणि कायद्याची मुदत

नवी दिल्ली : दिल्लीत २००५ साली ॲसिडहल्ल्यात होरपळलेल्या लक्ष्मी अगरवाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये ॲसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले आणि पीडितांना किमान तीन लाख रुपये भरपाई देण्याचे आदेश राज्यांना दिले. खासगी रुग्णालयांनीही अशा रुग्णांवर पुनर्रचना शस्त्रक्रियेसह विनामूल्य उपचार करावेत, असे एप्रिल २०१५ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले. या उपचारांत वेळेला किती महत्त्व आहे, हे आता अधिक ठळकपणे पुढे येत आहे.

वण पक्व होईपर्यंत, म्हणजे सहा महिने ते वर्षभर थांबून मगच लेझरचा विचार करावा, असा पूर्वीचा प्रघात होता. आता जखम भरून आल्यावर पहिल्या काही आठवड्यांत वा महिन्यांतच उपचार सुरू करण्याकडे अनेक तज्ज्ञांचा कल आहे. ताज्या वणात नव्या रक्तवाहिन्या वाढत असतात आणि कोलॅजेनचे तंतू रचले जात असतात. पल्स्ड डाय लेझर या रक्तवाहिन्यांवर परिणाम करतो, तर फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझर त्वचेत सूक्ष्म छिद्रे पाडून कोलॅजेनच्या फेररचनेस चालना देतो. त्यामुळे वणाचा लालसरपणा, जाडी आणि ताठरपणा कमी होऊ शकतो.

अर्थात, हा रामबाण उपाय नव्हे. सावळ्या त्वचेत मेलॅनिन अधिक असल्याने लेझरनंतर काळे डाग पडण्याचा धोका असतो. म्हणून किरणांची तीव्रता बेताची ठेवणे आणि उन्हापासून जपणे आवश्यक ठरते. खोलवर जळालेल्या चेहऱ्याला त्वचारोपण चुकत नाही. पापणी मिटेनाशी झाली, तर डोळा वाचविण्यासाठी शस्त्रक्रियेलाच प्राधान्य द्यावे लागते.

न्यायालयाने २०१३ मध्येच भरपाईतील एक लाख रुपये १५ दिवसांत आणि उर्वरित रक्कम दोन महिन्यांत देण्यास सांगितले होते. लवकर उपचारांच्या दृष्टीने ही मुदत अनुरूप आहे. मात्र राजधानी क्षेत्र अनेक राज्यांत विभागलेले आहे. नोएडा किंवा गुरुग्रामचा रुग्ण दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात अथवा एम्समध्ये उपचार घेत असला, तरी भरपाई योजना राज्यनिहाय असल्याने त्याचे प्रकरण उत्तर प्रदेश वा हरियाणाकडे जाते. कागदपत्रांत महिने गेले, तर हाती रक्कम येईपर्यंत वण कठीण झालेला असतो.

लेझरकडे केवळ सौंदर्योपचार म्हणून पाहण्याची सवयही सुटायला हवी. तोंड उघडणे, मान वळविणे सुकर करणारा उपचार हा पुनर्वसनाचाच भाग होय. विनामूल्य उपचारांत त्याला निःसंदिग्ध स्थान आणि भरपाईची ठरलेली मुदत पाळणे, या दोन्ही गोष्टी साधल्या तरच न्यायालयीन आदेशाचा लाभ रुग्णाला वेळेवर मिळेल.